शिट्टी मारणारं पेडल : अमळनेरच्या दुकानातलं एक प्रकरण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन आठवडे उरले असताना भाचा गिटार पाठीला अडकवून दुकानात आला. तो जळगावच्या एमआयडीसीत पॅनल वायरिंगचं काम करतो आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतो. आजवर तो दुसऱ्याचं ओव्हरड्राइव्ह पेडल वापरायचा, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम जाड-खरखरीत करणारी, पायाने चालू-बंद करायची डबी. त्या माणसाने ते परत मागून घेतलं होतं आणि पुढच्या तारखा तर ठरलेल्या. माझं दुकान ॲम्प्लिफायर-मिक्सर दुरुस्तीचं, त्यामुळे पेडल मामानेच करून द्यावं असं घरात आधीच ठरलेलं होतं. मला फक्त कळवण्यात आलं.

त्याच्या अटी तीन होत्या. पेडल गिटारच्या कव्हरच्या पुढच्या खिशात मावलं पाहिजे. बॅटरीवर चाललं पाहिजे, कारण मांडवात कुठला प्लग कुठे खुपसलाय आणि अर्थिंग आहे की नाही, हे डेकोरेटरलाही माहीत नसतं. आणि बुटाखाली तुटता कामा नये. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती. ती त्याने सांगितली नाही, मीही विचारली नाही. ती पुढे येईलच.

सर्किट

सर्किटचं मला टेन्शन नव्हतं. आयबानेझ कंपनीचं ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलं, त्याचा गाभा आजही जगभर नक्कल होतो, आणि त्यातली आयसी म्हणजे आपली ४५५८. जळगावात कोणत्याही होम थिएटरचा बास-ट्रेबल बोर्ड उघडा, ती बसलेली दिसेल. माझ्या ड्रॉवरमध्ये भंगारातून काढलेल्या दहा-बारा होत्याच.

काम असं चालतं. ४५५८ मध्ये दोन ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारे छोटे ॲम्प्लिफायर, असतात. पहिल्याने गिटारचा सिग्नल वाढवायचा. किती वाढेल ते फीडबॅकचा (आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेवरचा) रेझिस्टन्स आणि खाली ग्राउंडकडे जाणारा ४.७ के, म्हणजे किलो-ओहम, या दोघांच्या गुणोत्तरावर ठरतं. फीडबॅकमध्ये मी ४७ के आणि त्याला सिरीजमध्ये ५०० के चा ड्राइव्ह पॉट (नॉबने कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स) घातला. नॉब शून्यावर असताना सिग्नल ११ पट वाढतो, पूर्ण फिरवला की ११७ पट. त्याच फीडबॅकला आडवे डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेला जाऊ देणारे भाग. सिग्नल साधारण ०.६ व्होल्टवर चढला की डायोड वाहू लागतो, रेझिस्टन्सला आडवाट मिळते आणि वाढ एकदम खाली येते. मात्र ती एकपटीच्या खाली जात नाही. म्हणून लाटेचं टोक कात्रीने कापल्यासारखं तुटत नाही, दाबल्यासारखं गोल होतं. ओव्हरड्राइव्हचा ‘गरम’ आवाज म्हणतात तो हाच. डायोड ऑप-ॲम्पच्या पुढे थेट ग्राउंडला लावले तर टोक सपाट कापलं जातं आणि आवाज जास्त खरखरीत होतो.

४.७ के च्या पायाशी ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा पॉलिस्टर कपॅसिटर आहे, तो मात्र बदलायचा नाही. दोघं मिळून ७२० हर्ट्झच्या खाली वाढ उतरवत नेतात. त्यामुळे जाड तारा कमी चिरडल्या जातात आणि कॉर्ड वाजवली की चिखल होत नाही. एकदा हौसेने मी तिथे ०.४७ लावून पाहिला. खालच्या दोन तारा पाण्याच्या मोटारीसारख्या घरघरल्या.

डायोडवर मी दोन दिवस घालवले, आणि ते दिवस पूर्ण वाया गेले असं म्हणणार नाही. माझ्याकडे जुन्या रेडिओतले ओए ७९ होते. जर्मेनियमचे, ०.३ व्होल्टच्या आसपास वाहणारे. सकाळी आठ वाजता आवाज लोण्यासारखा होता. दुपारी दोनला, पत्र्याखालच्या माझ्या दुकानात, ड्राइव्हचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी फरकच कळेना. जर्मेनियमची गळती तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होते. सकाळी पंचवीस आणि दुपारी पंचेचाळीस म्हणजे चौपट. गळका डायोड म्हणजे ५०० के च्या पॉटला समांतर बसलेला लहानसा रेझिस्टन्स. मग पॉट फिरवून होणार काय? थंड हवेच्या गावात जर्मेनियमचं कौतुक जरूर करावं. खान्देशात लग्नं एप्रिल-मे मध्ये लागतात.

शेवटी साधे सिलिकॉन १एन४१४८ लावले. एका दिशेला एक, दुसऱ्या दिशेला दोन सिरीजमध्ये. लाटेच्या दोन बाजू वेगवेगळ्या उंचीवर दबल्या की सम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट असे सूर) मिसळतात आणि आवाजाला थोडी जाडी येते. बॉस कंपनीच्या १९७७ च्या ओडी-१ पेडलमध्येही मांडणी अशीच विषम होती.

दुसरा ऑप-ॲम्प तूर्त नुसता बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढे देणारा, त्यापुढे १० के चा लेव्हल पॉट. टोनचा नॉब दिला नाही, कारण जागाच नव्हती. बॅटरीचे ९ व्होल्ट दोन १० के रेझिस्टरनी अर्धे करून ४.५ व्होल्टची मधली पातळी घेतली आणि तिच्यावर ४७ मायक्रोफॅरॅड. बॅटरीचं निगेटिव्ह इनपुटच्या स्टिरिओ जॅकच्या मधल्या कड्याला दिलं. मोनो प्लग खुपसला की कडं आणि बॉडी जोडली जातात आणि पेडल चालू होतं, वेगळा स्विच लागत नाही. साडेसहा एमएमच्या या जॅकला बाजारात पी-३८ म्हणतात, मागताना तेच म्हणा. कार्यक्रम संपल्यावर प्लग काढायला विसरलात तर बॅटरी रात्रभर जळते. एलईडी धरून करंट सहा मिलिॲम्पिअरच्या आसपास भरला.

ॲडॉप्टरचं सॉकेटही ठेवलं, पण त्याच्या रस्त्यात १एन५८१९ डायोड घातला. पेडलच्या ॲडॉप्टरचा मधला पिन निगेटिव्ह असतो. घराघरातल्या वायफाय राउटरचा ॲडॉप्टर १२ व्होल्टचा आणि मधला पिन पॉझिटिव्ह. पिन बसते, म्हणून माणूस खुपसतोच. तेव्हा उलटा करंट हा डायोड अडवतो. त्या डायोडमागे १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरॅड, म्हणजे ॲडॉप्टरची किणकिण निम्म्याहून जास्त तिथेच मरते.

डबा

परदेशी पेडल ॲल्युमिनियमच्या ओतीव डब्यात असतात. तो मागवायला वेळ नव्हता. थ्री-पोल फूटस्विच तेवढा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने आला. थ्री-पोल म्हणजे आत तीन स्विच, बाहेर दांडा एकच. नऊ टोकं असतात. पेडल बंद असताना गिटार थेट पुढे जावी आणि एलईडीही विझावा म्हणून तिसरा स्विच लागतो.

डब्यासाठी मी भिंतीत बसवायचा जीआयचा बॉक्स घेतला, तीन इंच बाय तीन इंच, दोन इंच खोल. प्रत्येक इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. लोखंडी असल्यामुळे मांडवातल्या सिरीज लाइटांची भुणभुण बाहेर अडते. त्याआधी प्लास्टिकच्या बॉक्समध्ये बोर्ड ठेवून पाहिला होता. ११७ पट वाढीला हात नुसता जवळ नेला तरी गुरगुरायचं.

इथे मी एक ढोबळ चूक केली. बॉक्सचा तळ वर करून त्यावर फूटस्विच बसवला. जीआय बॉक्सच्या तळाला पाइपासाठी अर्धवट कापलेल्या चकत्या असतात, आणि माझं बारा एमएमचं भोक नेमकं अशा एका चकतीत पडलं. भाच्याने पाय दिला. पहिल्या वेळी ठीक. तिसऱ्या वेळी चकती, नट, फूटस्विच आणि त्याला लागलेल्या वायरी असं सगळं मिळून आत गेलं. तो पायाकडे बघत राहिला, मी छताकडे. मग बॉक्स उलटा केला. दोन एमएमची ॲल्युमिनियमची प्लेट वर घेतली, स्विच आणि दोन्ही पॉट तिच्यावर बसवले, चकत्या खाली गेल्या. प्लेटखालून एक वॉशर तारेने बॉक्सला टाका मारून जोडला. ॲल्युमिनियमला सोल्डर धरत नाही, आणि नुसत्या स्क्रूच्या भरवशावर ग्राउंड ठेवणं मला पटत नाही.

शिट्टी

झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डावर, सर्किट मी बांधलं. आतली वायरिंग भाच्याने केली, कारण हात त्याचा माझ्यापेक्षा साफ. बॉक्स उघडून दाखवला तेव्हा मी खरंच खूश झालो. सगळ्या वायरी एका उंचीच्या, काटकोनात वळवलेल्या, फूटस्विचपासून बोर्डापर्यंत एकच जुडगा आणि त्याला तीन केबल-टाय. पॅनलच्या दारामागे असतं तसं.

गिटार जोडली. आवाज आला, चांगला आला. त्याने ड्राइव्ह पूर्ण फिरवला, वाजवताना गिटारचा व्हॉल्यूम जरा खाली घेतला आणि कपाळाला आठी घातली.

“मामा, हाई शिट्टी काबरं मारस?”

“कोणती शिट्टी?”

मला ऐकू येत नव्हती. माझं वय पंचावन्न, त्याचं चोवीस. सीआरओ (सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र) लावला तर पडद्यावर दहा-अकरा किलोहर्ट्झची लाट, डायोडने गोल केलेली, ठाम उभी. गिटारला कोणी हात लावलेला नसताना.

हे ऑसिलेशन होतं, म्हणजे सर्किट आपल्याच सिग्नलने आपोआप वाजत होतं, आणि त्याची सवय पाहण्यासारखी होती. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला की बंद. दहावर कधी असायचं, कधी नसायचं. सात-आठवर हमखास. ड्राइव्ह अर्ध्यावर आणला की बंद. पेडलचा लेव्हल उतरवला की बंद. शेवटची खूण महत्त्वाची. लेव्हलचा पॉट सगळ्यात शेवटी आहे. त्याच्या पुढचं काही मागे जात नसेल तर तो कमी केल्याने शिट्टीचा फक्त आवाज उतरायला हवा होता. सीआरओचा प्रोब मी पहिल्या ऑप-ॲम्पच्या आउटपुटवर ठेवला होता, आणि लेव्हल उतरवताच तिथेही लाट नाहीशी झाली. म्हणजे शेवटच्या वायरीतून सिग्नल पहिल्या वायरीत परत शिरत होता.

कुठून? भाच्याच्या त्या देखण्या जुडग्यातून. इनपुटची वायर फूटस्विचहून बोर्डाकडे येते आणि आउटपुटची वायर लेव्हल पॉटहून फूटस्विचकडे जाते. दोघी आठ सेंटिमीटर एकमेकींना चिकटून, टायने आवळलेल्या. अशा दोन वायरींमध्ये चार-पाच पिकोफॅरॅडचा कपॅसिटर आपोआप तयार होतो. ऐकायला काहीच नाही. पण समोर काय आहे ते बघा. गिटारची तीन मीटरची केबल म्हणजे ग्राउंडकडे जाणारे साधारण ३०० पिकोफॅरॅड. आउटपुटचा साधारण सत्तरावा हिस्सा इनपुटवर येतो. आत तो ११७ पट होतो. ११७ भागिले सत्तर म्हणजे एकाहून जास्त, आणि दोन्ही ऑप-ॲम्प सिग्नल उलटा न करणारे, म्हणून परत आलेला सिग्नल मूळ सिग्नलच्या सुरात सूर मिळवतो. शिट्टी वाजणारच. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर असताना इनपुट ग्राउंडला जोडलेलं असतं, तिथे काही टिकत नाही. सात-आठवर लॉग पॉटचा रेझिस्टन्स निम्म्याच्या आसपास येतो आणि पिकअप व केबल यांच्यात सगळ्यात मोठा अडथळा तेव्हाच उभा असतो. इनपुट त्यावेळी सगळ्यात हलकं, कोणाचंही ऐकणारं.

हे सगळं मी त्याला तोंडाने सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि मनात ठेवलं असतं की मामाची आयसी भंगारातली आहे. म्हणून काही न बोलता कटरने तिन्ही टाय कापले आणि लाकडी काडीने आउटपुटची वायर बाजूला सारली. बाकी काहीच बदललं नाही. पडद्यावरची लाट विरघळून सरळ रेघ झाली. काडी सोडली, वायर जागेवर आली, लाट परत. त्याने काडी माझ्या हातातून घेऊन स्वतः चार वेळा करून पाहिलं.

“पॅनलमध्ये असं सोडलं तर बोलणी खावी लागतात,” तो म्हणाला. खरंय. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे पॅनलमधल्या मोठ्या विजेच्या स्विचच्या, वायरींत चार पिकोफॅरॅडने काही बिघडत नाही. तिथे २३० व्होल्ट असतात आणि कोणी ते ११७ पट वाढवत नाही.

दुरुस्ती मग लहानशीच होती. इनपुटची वायर माइकच्या शिल्ड केबलचा तुकडा घेऊन बदलली, जाळी एकाच टोकाला, बोर्डाच्या बाजूला, ग्राउंड केली. आउटपुटची वायर बॉक्सच्या दुसऱ्या भिंतीने नेली. जिथे त्यांना एकमेकींना ओलांडावंच लागलं तिथे काटकोनात. फूटस्विचची नऊ टोकं इतकी जवळ असतात की तिथे वायरी लांब ठेवता येत नाहीत, म्हणून तिसऱ्या स्विचचं मोकळं टोक वापरून पेडल बंद असताना त्याचं इनपुट ग्राउंड होईल असं केलं. नाहीतर बंद पेडल आतल्या आत शिट्टी मारत बसतं आणि ती थेट वायरीत झिरपते. शिवाय फीडबॅकला आडवा ४७ पिकोफॅरॅड. तो मी आधीच घालायला हवा होता, आळस केला. त्याने पूर्ण ड्राइव्हला ६.२ किलोहर्ट्झच्या वरची वाढ उतरते. इनपुट-आउटपुटला एक-एक मेगओहम ग्राउंडला दिले, म्हणजे स्विच दाबताना ‘ठप्प’ आवाज येत नाही.

मांडव

पारोळ्याच्या बाजूला एका हळदीत पहिला कार्यक्रम होता. मीही गेलो, मला पेडल बघायचं होतं, आणि तिथली शेवभाजी चांगली असते हेही लपवत नाही. भाच्याने पहिल्याच गाण्यात फूटस्विच दाबला आणि मांडवात हजार भुंगे सुटले. कर्कश, पत्र्यासारखं, कानात खुपणारं. दुसऱ्या कडव्याला मिक्सरवरच्या माणसाने त्याचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला आणि हातानेच ‘ते डबडं काढ’ अशी खूण केली.

दुकानात तर आवाज उत्तम होता! दुकानात मी गिटारच्या ॲम्प्लिफायरवर ऐकत होतो. मांडवात गिटारचा ॲम्प्लिफायर नव्हताच. पेडल थेट मिक्सरला, तिथून मोठे स्पीकर आणि त्यांचे हॉर्न. हीच ती चौथी गोष्ट.

गिटारच्या स्पीकरचा कागदी कोन साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने बसतो. ओव्हरड्राइव्हने तयार केलेली वरची सगळी खरखर त्यात आपोआप गाळली जाते आणि आपल्याला वाटतं की पेडलच गोड आहे. मांडवातला हॉर्न मात्र गायिकेचा ‘स’ स्पष्ट यावा म्हणून पंधरा किलोहर्ट्झपर्यंत ओरडतो. तो भुंगेही तितक्याच इमानाने वाजवतो. भाचा आधी जे पेडल वापरायचा त्याच्या पुढे एक आणखी छोटी डबी असायची, हे त्याने मला जेवताना सांगितलं. “ती कशाची होती माहीत नाही, त्याने एकत्रच दिली होती.” शेवभाजीचा घास मी तसाच गिळला.

स्पीकरचं काम आता पेडललाच करायचं होतं, आणि डब्यात जागा उरली नव्हती. पण दुसरा ऑप-ॲम्प नुसता बफर म्हणून बसला होता. त्याला सॅलन-की पद्धतीचं लो-पास फिल्टर केलं, म्हणजे खालचे सूर जाऊ देणारी आणि वरचे गाळणारी चाळणी. दोन १० के रेझिस्टर, एक ४.७ नॅनोफॅरॅड, एक २.२ नॅनोफॅरॅड, एवढाच जास्तीचा माल. कट येतो ४.९ किलोहर्ट्झला, आणि त्यावर सप्तकामागे १२ डेसिबल उतार. दोन कपॅसिटर साधारण दुप्पट-निमपट ठेवले की वळण ना फार सुस्त होतं ना टोकाला फुगतं. बफरच्या पायांशी चार सुटे भाग उभे केले, बोर्ड बदलावा लागला नाही. अर्ध्या तासाचं काम. त्यातली वीस मिनिटं २.२ नॅनो शोधण्यात गेली.

आता गिटारच्या ॲम्प्लिफायरवर ते किंचित मंद वाटतं, कारण दोनदा गाळलं जातं. भाच्याला चालतं. त्याच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत ॲम्प्लिफायर दोनदाच समोर आला होता. पुढच्या हळदीत, चोपड्याजवळ, त्याच मिक्सरवाल्याने फेडर वर नेला आणि काही बोलला नाही. बोलला नाही म्हणजे ठीकच वाटलं असणार. मध्यंतरात भाचा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, “आते नही मारस.”

सगळा खर्च फूटस्विचसकट ७०० रुपयांच्या आत बसला. भंगारातला माल आणि माझी मजुरी धरली नाही. ती कोणी विचारलीही नाही.

पावसाळ्यात त्याने ऑर्केस्ट्रातल्या दुसऱ्या एका पोरासाठी असंच पेडल स्वतः बांधलं आणि तपासायला आणलं. शिट्टी नाही, भुणभुण नाही. आत पाहिलं तर एक वायर पूर्वेला, एक पश्चिमेला, मध्ये शिल्ड केबल मांडी घालून बसलेली. मी अजून बघत होतो तेवढ्यात त्याने प्लेट लावून स्क्रू आवळायला घेतले. म्हणाला, कंपनीतला कोणी फोटो काढायचा.